जुनं पाच हॉर्सचं इंजिन भंगारात देण्याआधी हे तपासा

विहिरीच्या कडेला पत्र्याच्या शेडमध्ये गोणपाट टाकून ठेवलेलं जुनं डिझेल इंजिन अजून बऱ्याच गावांत दिसतं. वीज आली, मोटर बसली आणि इंजिन कोपऱ्यात गेलं. पण डीपी जळाली, आठ दिवस लाईट नाही आणि कांदा पाण्याला आला, की सगळ्यांना त्याचीच आठवण होते. ते भंगारवाल्याला किलोच्या भावानं देऊन टाकलेलं असेल, तर हात चोळत बसावं लागतं. हे इंजिन इतकी वर्षं कशामुळे टिकतं, कुठे बिघडतं आणि दुरुस्ती कधी परवडते, त्याची ही माहिती.

दोन प्रकार

पहिलं संथ इंजिन, दोन मोठ्या चाकांचं. त्याला 'लिस्टर टाईप' म्हणतात. मूळ इंजिन इंग्लंडमधल्या डर्स्ली इथल्या लिस्टर कंपनीचं, १९३० च्या सुमाराचं. त्यातलं सहा हॉर्सचं मॉडेल मिनिटाला ६५० फेरे घेतं. त्याच धर्तीची इंजिनं पुढे गुजरातेत राजकोटला बनू लागली.

दुसरं उभं, आटोपशीर इंजिन. यात किर्लोस्करचं 'एव्ही-१' सगळ्यांच्या ओळखीचं. किर्लोस्कर ऑईल इंजिन्स ही कंपनी पुण्यात १९४६ साली सुरू झाली. एव्ही-१ एका सिलिंडरचं, पाण्यावर थंड होणारं, पाच हॉर्सचं, १५०० फेऱ्यांचं. बोअर ८० मिलिमीटर, स्ट्रोक ११० मिलिमीटर.

टिकतात कशामुळे?

पहिलं कारण वेग. सहा हॉर्सच्या लिस्टरचा पिस्टन मिनिटाला साधारण १८० मीटर अंतर कापतो, एव्ही-१ चा ३३० मीटर. घासणं कमी, म्हणून झीज कमी. दुसरं कारण जाड बिडाचं अंग. तिसरं आणि मोठं कारण म्हणजे झिजणारा प्रत्येक भाग बदलता येतो. लायनर, पिस्टन, रिंगा, बेअरिंग, व्हॉल्व्ह, नोझल सगळं सुटं मिळतं. सेन्सर नाही, कॉम्प्युटर नाही. पाना-हातोडीवाला मिस्त्री ते खोलू शकतो.

बिघाड कुठे आहे, घरीच ओळखा

आधी ऑईल आणि पाणी बघा. ऑईल दुधासारखं पांढरट झालं असेल तर त्यात पाणी शिरलंय. तसं इंजिन चालू करू नका.

मग दाब. डिझेल बंद ठेवून चाक हातानं फिरवा. डिकॉम्प्रेशनचा खटका सोडल्यावर चाक अडलं आणि मागे उसळलं तर दाब चांगला. सहज फिरलं तर हवा कुठून जाते ते कान देऊन ऐका. एअर फिल्टरकडून फुस्स आवाज आला तर आत हवा घेणारा व्हॉल्व्ह, सायलेन्सरमधून आला तर धुराचा व्हॉल्व्ह बसत नाही. ऑईल भरायच्या तोंडातून हवा आली तर रिंगा किंवा लायनर गेलाय. पाण्यात बुडबुडे आले तर हेड गॅसकेट.

चालू इंजिनाचा धूरही बोलतो. काळा धूर म्हणजे लोड जास्त, एअर फिल्टर तुंबलेला किंवा नोझल खराब. निळसर म्हणजे ऑईल जळतंय. गार इंजिनाचा सुरुवातीचा पांढरा धूर चालतो, पण तो राहिलाच तर दाब, नोझल आणि गॅसकेट तपासा.

बरीच वर्षं बंद असलेल्या इंजिनात डिझेलचीच भानगड जास्त. टाकीत पाणी आणि गाळ साचतो. टाकी धुवा, फिल्टर बदला, पाईपमधली हवा काढा. हँडल मारताना नोझलचा 'कर्र कर्र' आवाज आला पाहिजे. नोझलच्या फवाऱ्यापुढे बोट कधीही धरू नका. तो दाब इतका असतो की डिझेल कातडीत घुसतं. तसं झालं तर जखम टाचणीएवढी दिसली तरी लगेच दवाखाना गाठा.

पाण्याचा क्षार आणि गार इंजिन

आपल्याकडे विहिरी-बोअरचं पाणी जड. त्याचा क्षार इंजिनाच्या पाण्याच्या वाटेत धरतो, मग इंजिन तापतं आणि गॅसकेट उडतं. हेड खोललं की ही वाट खरवडून साफ करून घ्या.

उलटी चूकही होते. पंपाचं गार पाणी भसाभस इंजिनातून सोडलं जातं. इंजिन कायम गार राहिलं तर डिझेल नीट जळत नाही, ते ऑईलमध्ये उतरतं आणि लायनर लवकर झिजतो. कॉक आवळून बाहेर पडणारं पाणी चांगलं गरम, पण वाफ न होणारं ठेवावं.

खोलल्यावर काय करून घ्यायचं

नुसत्या रिंगा बदलून भागवू नका. आधी लायनर मापून घ्या. वरच्या टोकाला झिजेची कड पडलेली असेल तर नवी रिंग तिथे आपटून तुटते. क्रँक झिजली असेल तर ग्राइंडिंग करून त्या मापाचं अंडरसाईज बेअरिंग बसवतात. ऑईलची भोकं वाऱ्यानं साफ केली नाहीत, तर नवं बेअरिंगही जातं. हेडचे नट एका बाजूनं न आवळता तिरपे, थोडे थोडे आवळावेत. टॅपेटचं अंतर फिलर गेजनंच ठेवावं.

पार्ट आणायला जाताना इंजिनाच्या पाटीवरचं मॉडेल, नंबर आणि जुना पार्ट सोबत न्या. दिसायला सारखे पार्ट मापात वेगळे निघतात.

दुरुस्त करायचं की विकायचं?

मिस्त्रीकडून पार्ट, लेथचं काम आणि मजुरी असे तीन आकडे कागदावर वेगळे लिहून घ्या. रिंगा, लायनर, व्हॉल्व्ह, नोझल एवढंच असेल तर दुरुस्ती सहसा परवडते. बॉडीला तडा किंवा क्रँक तुटलेली असेल तर पैसा घालण्याआधी दहादा विचार करा. तेव्हाही चाकं, पंप, हेड असे चांगले भाग सुटे विकले तर भंगारापेक्षा जास्त येतात.

जिवाशी खेळ नको

इंजिन विहिरीत किंवा बंद खोलीत उतरवून चालवू नका. धुरातला कार्बन मोनॉक्साईड दिसत नाही, त्याला वास नाही. माणूस शुद्ध हरपून पडतो. त्याला काढायला दुसरा उतरतो, तोही पडतो. कोणी पडलं तर आत उडी घेऊ नका, अग्निशमन दल आणि १०८ ला फोन करा.

हँडल मारताना अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवा, उलटा झटका बसला तर हात सुटतो. पट्ट्याला जाळी बसवा, पदर-उपरणं खोचून घ्या. इंजिन स्वतःहून भरधाव सुटलं तर डिझेल बंद करा, तरीही थांबलं नाही तर हवेचं तोंड जाड फळीनं दाबा, हातानं नाही.

दुरुस्त झालेलं इंजिन पुन्हा गोणपाटाखाली विसरू नका. महिन्यातून एकदा पाणी जोडून अर्धा तास लोडवर चालवा आणि ऑईल बघा. म्हणजे डीपी जळाली त्या दिवशी ते उभ्या उभ्या सुरू होईल.