पाचवा कोण? 'पंचम' आणि पंज प्यारे

कोणताही अंक मुळात पवित्र नसतो. त्यात कोणाला मोजले आणि कोणाला वगळले, यावरून त्याचा अर्थ ठरतो. म्हणून धर्मांतील आकड्यांकडे आम्ही गूढविद्या म्हणून नव्हे, समाजाचा इतिहास म्हणून पाहतो.

ब्राह्मणी व्यवस्थेचा लाडका अंक चार. चार वेद, चार आश्रम, चार वर्ण. मनुस्मृतीचा दहावा अध्याय बजावतो की वर्ण चारच, पाचवा नाही. मग उरलेल्या माणसांचे काय? ती गावकुसाबाहेर! दक्षिणेत तर अस्पृश्यांना नावच पडले 'पंचम'. इथे पाच हा बहिष्काराचा शिक्का ठरला.

आता शीख परंपरा पाहा. गुरू ग्रंथ साहिबचा आरंभच १ या अंकाने होतो : इक ओंकार. कर्ता एक, मग जन्माने उच्चनीच कसे? त्याच ग्रंथात रविदास, कबीर आणि आपल्या नामदेवांची वाणी आहे.

१६९९ च्या वैशाखीला आनंदपूरला गुरू गोविंदसिंगांनी भर सभेत शीर मागितले. पाच जण उठले. परंपरा सांगते की दयाराम खत्री, धरमदास जाट, हिंमतराय पाणक्या, मोहकमचंद छिंपी आणि साहिबचंद न्हावी. यातले साहिबचंद आपल्या शेजारच्या बिदरचे. पाचही जण एकाच भांड्यातले अमृत प्यायले आणि मग खुद्द गुरूंनी त्यांच्याच हातून ते घेतले. ज्या देशात पाण्यासाठी १९२७ साली महाडला सत्याग्रह करावा लागला, तिथे ही केवढी मोठी क्रांती! बहिष्काराचा पाच इथे अधिकाराचा झाला.

पण अंक टिकला म्हणून अर्थ टिकतोच असे नाही. १२ ऑक्टोबर १९२० रोजी अमृतसरच्या दरबार साहिबमध्ये पुजाऱ्यांनी दलित शिखांचा प्रसाद स्वीकारायला नकार दिला. पंज प्याऱ्यांच्या पंथातही जात शिरली होती. त्याविरुद्ध शिखांनाच लढावे लागले.

हा धडा आपल्यालाही आहे. १४ ऑक्टोबर १९५६ ला बाबासाहेबांनी पंचशील आणि २२ प्रतिज्ञा दिल्या. पंचशील रोज म्हणायचे आणि लग्न जुळवताना पोटजात विचारायची, तर आपला पाच आणि मनूचा चार यांत फरक काय? मित्रांनो, प्रतिज्ञा मोजू नका, पाळा.

जय भीम!