मत्स्यपारध, कोलंबिया नदीवरील

उत्तर अमेरिकेच्या वायव्य भागातील कोलंबिया नदीत व तिच्या उपनद्यांत गळाने, विशेषतः कृत्रिम माशीच्या साहाय्याने, केली जाणारी सॅमन, स्टीलहेड व ट्राउट या माशांची पारध. कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात उगम पावणारी ही नदी सु. २,००० कि.मी. वाहत जाऊन वॉशिंग्टन व ऑरेगन या राज्यांच्या सीमेवर पॅसिफिक महासागरास मिळते. स्नेक, डेशूट्स, विलामेट या तिच्या प्रमुख उपनद्या होत. या खोऱ्यातील मत्स्यपारधीचा इतिहास हा केवळ एका क्रीडाप्रकाराचा इतिहास नाही. नदीतील माशावर हक्क कोणाचा आणि तो मासा शिल्लक कसा राहावा, या दोन प्रश्नांशी तो प्रारंभापासून निगडित आहे.

सॅमन गोड्या पाण्यात जन्मतो, समुद्रात वाढतो व अंडी घालण्यासाठी आपल्या जन्मस्थानी परततो. पॅसिफिक सॅमन अंडी घातल्यावर मरतो. स्टीलहेड हा इंद्रधनुषी ट्राउटचाच समुद्रात जाऊन येणारा प्रकार असून तो अंडी घालून पुन्हा समुद्राकडे जाऊ शकतो. फोर्ट व्हँकूव्हर येथील वैद्य मेरिडिथ गेर्डनर यांनी कोलंबियाच्या परिसरातून पाठविलेल्या नमुन्यावरून जॉन रिचर्डसन यांनी १८३६ मध्ये या माशाचे शास्त्रीय वर्णन केले व त्यास गेर्डनर यांचे नाव दिले. कॅमचॅटकातील ट्राउट व हा मासा एकाच जातीचे असल्याचे पुढे मान्य झाले आणि १९८९ पासून ऑन्कोऱ्हिंकस मायकिस हे नाव रूढ झाले. त्यामुळे वर्गीकरणात तो अटलांटिक सॅमनच्या प्रजातीतून पॅसिफिक सॅमनच्या प्रजातीत गेला.

यूरोपीय लोक येण्यापूर्वी हजारो वर्षे येथील आदिवासी जमातींचे जीवन सॅमनवर अवलंबून होते. सेलायलो धबधब्यापाशी खडकांवर लाकडी मचाण बांधून लांब दांड्याच्या झोळीवजा जाळ्यांनी मासे पकडीत व वाळवून साठवीत. हे ठिकाण दूरदूरच्या जमातींच्या व्यापाराचे केंद्र होते. १८०५ मध्ये लूइस व क्लार्क यांच्या तुकडीने येथील वाळविलेल्या सॅमनच्या राशी पाहिल्या. १८५५ च्या तहांन्वये याकामा, उमटिला, नेझ पर्स व वॉर्म स्प्रिंग्ज येथील जमातींनी आपली बहुतेक भूमी सोडून दिली. परंतु परंपरागत ठिकाणी इतर नागरिकांबरोबर मासे पकडण्याचा हक्क त्यांनी राखून ठेवला. पुढील सर्व वादांचे मूळ या तरतुदीत आहे.

नदीवरील डबाबंदीचा पहिला कारखाना १८६६ मध्ये निघाला. १८८३ पर्यंत चिनूक सॅमनचे वार्षिक उत्पादन सु. १९,००० टनांवर जाऊन पोहोचले. प्रवाहाच्या जोराने रहाटाप्रमाणे फिरून मासे उचलणारी मत्स्यचक्रे १८७९ पासून वापरात आली. मुंबईत जन्मलेले लेखक रड्यर्ड किपलिंग १८८९ मध्ये भारतातून अमेरिकामार्गे इंग्लंडला जात असता येथे आले. कोलंबियावरील कारखान्यात चिनी मजूर मासे कापून डब्यांत भरीत असलेले त्यांनी पाहिले आणि नंतर क्लॅकमस या उपनदीवर सॅमनची पारध केली. त्यांचे गळाला लावलेले आमिष मात्र माशी नसून धातूचा चकाकता चमचा होता. त्यांच्या प्रवासपत्रांत हे दोन्ही अनुभव आले आहेत. उपजीविका, उद्योग व क्रीडा यांतील स्पर्धा पुढे कायद्यापर्यंत गेली. ऑरेगनने १९२६ मध्ये व वॉशिंग्टनने १९३४ मध्ये मत्स्यचक्रांवर बंदी घातली.

कृत्रिम माशीने पारध करण्याची कला ब्रिटनमधून अमेरिकेत आली. गळावर पिसे, केस व रंगीत धागे बांधून माशी तयार करतात. ती वजनाने अत्यंत हलकी असल्याने दूरवर फेकली जात नाही. म्हणून दोरीच वजनदार ठेवून काठीच्या झोक्याने ती फेकतात व तिच्याबरोबर माशी जाते. ट्राउटसाठी माशी बहुधा नदीतील कीटकांसारखी बनवितात. परतीच्या वाटेवरील सॅमन अन्न घेणे थांबवितो व स्टीलहेडही फारसे खात नाही. त्यामुळे त्यांच्यासाठी भूक नव्हे, तर चिडून वा जुन्या सवयीने झडप घालण्याची वृत्ती जागवावी लागते. याकरिता मोठी, भडक माशी प्रवाहात आडवी फेकून कमानीसारखी खाली वाहू देतात. रुंद नदीत काठावरील झाडांमुळे दोरी मागे नेण्यास जागा नसते. अशा ठिकाणी स्कॉटलंडमधील स्पे नदीवर एकोणिसाव्या शतकात विकसित झालेली, दोन्ही हातांनी धरावयाच्या लांब काठीची फेक उपयोगी पडते. वॉशिंग्टनमधील स्कॅजिट नदीवर विसाव्या शतकाच्या अखेरीस या पद्धतीस आखूड व जड दोरीची जोड मिळाली आणि ती स्टीलहेडच्या पारधीत सर्वत्र पसरली.

माशांच्या ऱ्हासास अतिमासेमारी, वृक्षतोड, खाणकाम व पाटबंधारे ही कारणे होतीच. धरणांनी मात्र नदीचे स्वरूपच बदलले. १९३८ मध्ये पूर्ण झालेल्या बॉनव्हिल धरणास मासे वर चढण्यासाठी पायऱ्यांचे मत्स्यसोपान होते. १९४२ मध्ये पूर्ण झालेल्या ग्रँड कूली धरणास ते नव्हते. परिणामी कोलंबियाच्या वरच्या खोऱ्यातील सॅमनचे आगमन कायमचे थांबले. द डॅल्झ धरणाच्या जलाशयात १० मार्च १९५७ रोजी सेलायलो धबधबा काही तासांतच बुडाला. स्नेक नदीच्या खालच्या भागात १९६२ ते १९७५ या काळात चार धरणे झाली. वर जाणाऱ्या माशांना सोपान असले, तरी समुद्राकडे जाणारी पिले संथ व तापलेल्या जलाशयांत आणि जलविद्युत् यंत्रांत सापडून मोठ्या संख्येने मरतात. पूर्वी खोऱ्यात दरवर्षी एक कोटीहून अधिक सॅमन व स्टीलहेड परतत असावेत, असा अंदाज आहे. १९९२ मध्ये स्नेक खोऱ्यातील रेडफिश सरोवरात केवळ एक सॉकाय सॅमन परतला. स्नेक नदीतील स्टीलहेडचा १९९७ मध्ये संकटग्रस्त प्राण्यांविषयीच्या कायद्याखाली समावेश करण्यात आला.

मासे घटत गेले तसा हक्काचा वाद तीव्र झाला. १९६९ मध्ये कोलंबियाविषयीच्या खटल्यात जमातींना माशांचा न्याय्य वाटा देण्याचा निर्णय झाला. स्टीलहेड हा केवळ क्रीडामासा मानून जाळ्यांना बंदी करावी, अशी गळाने मासे धरणाऱ्यांची मागणी होती. वॉशिंग्टनमधील प्युअॅलप नदीसंबंधी अशी बंदी घातली असता, ती सर्व स्टीलहेड क्रीडापारध्यांच्या पदरात टाकते व म्हणून तहाशी विसंगत आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९७३ मध्ये ठरविले. १९७४ मध्ये न्यायाधीश बोल्ट यांनी वॉशिंग्टनच्या पश्चिम भागातील जमातींना पकडण्याजोग्या माशांपैकी निम्म्यापर्यंत वाटा मान्य केला. कोलंबियावरील चार जमातींनी १९७७ मध्ये आपला संयुक्त मत्स्य आयोग स्थापन केला.

या घडामोडींतून क्रीडापारधीचेही स्वरूप पालटले. संवर्धन केंद्रांत वाढविलेल्या स्टीलहेडचा शेपटीजवळचा लहान मांसल पर कापण्यात येतो. तो पर शाबूत असलेला वन्य मासा सामान्यतः परत सोडावा लागतो. यासाठी उलट काटा नसलेला गळ वापरतात. मासा धरण्याची कला अशा रीतीने बऱ्याच अंशी मासा सोडण्याची कला झाली. मात्र गळाला लागलेला मासा दमवून सोडणे ही अन्नाची व माशाची अवहेलना आहे, असे अनेक आदिवासी मानतात. बॉनव्हिल धरणावरून २००१ मध्ये सहा लाखांहून अधिक स्टीलहेड गेले. २०२१ मध्ये ही संख्या एक लाखाहूनही कमी भरली आणि डेशूट्ससह काही उपनद्यांतील स्टीलहेडची पारध बंद ठेवावी लागली. व्हाइट सॅमन या उपनदीवरील काँडिट धरण २०११ मध्ये फोडल्यानंतर वरच्या भागात मासे पुन्हा अंडी घालू लागले. स्नेकवरील चार धरणांबाबत मात्र वीज, सिंचन व जलवाहतूक यांचा विचार आड येतो. मत्स्यपुनरुज्जीवनासाठी संघराज्य सरकारने जमाती व दोन राज्ये यांच्याशी २०२३ मध्ये केलेल्या करारातून ते सरकार २०२५ मध्ये बाहेर पडले. तहातील हक्क आणि पारधीचा छंद या दोहोंना आधार मासळीचाच असल्याने, एकेकाळचे प्रतिस्पर्धी असलेले अनेक आदिवासी व क्रीडापारधी या धरणांच्या प्रश्नात एकाच बाजूस उभे असलेले दिसतात.