बालकांतील मूत्रपिंड-संसर्गाचे लघवीतील निदर्शक

मूत्रपिंडाला जीवाणूंचा संसर्ग झाला असता बालकाच्या लघवीत आढळणाऱ्या व निदानास उपयोगी पडणाऱ्या घटकांना लघवीतील निदर्शक म्हणतात. हा संसर्ग बहुधा ई. कोलाय या जीवाणूमुळे होतो. तान्ह्या बाळात ताप हे त्याचे एकमेव लक्षण असू शकते. उपचारास विलंब झाल्यास मूत्रपिंडावर कायमचे वण राहून पुढे उच्च रक्तदाब उद्भवू शकतो.

प्रचलित निदर्शक

चाचणीपट्टीने मुख्यतः दोन घटक पाहिले जातात. पांढऱ्या पेशींतील ल्यूकोसाइट इस्टरेज हे विकर दाह दर्शवते. नायट्राइट हे लघवीतील नायट्रेटपासून काही जीवाणू तयार करतात. त्यासाठी लघवी मूत्राशयात सुमारे ४ तास राहावी लागते. तान्ही मुले वारंवार लघवी करतात, त्यामुळे संसर्ग असूनही नायट्राइट अनेकदा आढळत नाही. निश्चित निदान लघवीच्या कल्चर तपासणीने होते. तिचा नमुना प्रतिजैविक सुरू करण्यापूर्वी घेतात. त्वचेला चिकटवलेल्या पिशवीतील नमुना दूषित होण्याचा संभव अधिक असतो.

संसर्गाचे स्थान

संसर्ग मूत्राशयापुरता आहे की मूत्रपिंडापर्यंत पोहोचला आहे, हे वरील चाचण्यांवरून कळत नाही. ते दाखवणाऱ्या डीएमएसए स्कॅनसाठी अणुवैद्यक विभाग लागतो; ग्रामीण रुग्णालयांत ती सोय नसते. म्हणून लघवीतील एनजीएएल हे प्रथिन, तसेच इंटरल्यूकिन-६ व इंटरल्यूकिन-८ यांचा अभ्यास झाला आहे. तथापि यांपैकी कोणत्याही निदर्शकाला अद्याप या स्कॅनची जागा घेता आलेली नाही.