तळटीप : नमुना पाहणीतले बारामती-इंदापूर

राष्ट्रीय नमुना पाहणी १९५० साली सुरू झाली. प्रशांतचंद्र महालनोबिस तिचे शिल्पकार. ‘आमच्या दारात कुणी आलेच नाही, मग आकडे खरे कसे?’ हा आक्षेप बारामती-इंदापुरात रास्त वाटतो, कारण नीरा डाव्या कालव्याखालचा ऊस आणि जिरायती पट्ट्यातली बाजरी इथे शेजारी नांदतात; मोजक्या घरांतून दोन्हींचे चित्र कसे उमटणार, असे वाटते. पण गावे आणि घरे चिठ्ठ्या टाकल्यासारखी निवडली जातात, म्हणूनच कुणाला मर्जीतली घरे पुढे करता येत नाहीत. निवडलेल्या घरात धान्य, तेल, औषधे, शाळेची फी असा खर्च कलमवार विचारतात. पुण्याच्या गोखले संस्थेतील वि. म. दांडेकर व नीलकंठ रथ यांचे १९७१चे दारिद्र्यमापन याच आकड्यांवर उभे राहिले. तालुक्याचा स्वतंत्र आकडा मात्र एवढ्या नमुन्यातून काढता येत नाही. वाचकांनी तो इथे शोधू नये.