खार आधी की देवदार?

मंडळी, अंगणातल्या कडुनिंबावर खार सरसर चढते, तेव्हा वाटतं, ही इथली जुनी रहिवासी. उलट चीड-देवदार म्हटले की हिमालय आठवतो. नागपूरच्या उन्हात त्यांचे काय काम? पण दगडांची साक्ष वेगळी आहे, बरं का.

स्टीफन हिस्लॉप हे स्कॉटिश मिशनरी १८४५ साली नागपुरास आले. धर्मकार्य नि शाळा सांभाळून त्यांनी भोवतालची जमीन वाचली. शहराजवळ टाकळी येथे, काळ्या दगडाच्या थरांमध्ये, त्यांना जुन्या तळ्याचा गाळ सापडला. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनवर लाव्हाचे लोट येत. एक लोट निवला की त्यावर तळी साचत, रान वाढे. पुढचा लोट ते सारे गाडून टाकी. त्या गाळातले शिंपले, फळे, बिया हिस्लॉपनी वेचून विलायतेस धाडल्या. १८६३ साली टाकळघाटची शिळावर्तुळे पाहून परतताना ते पुरात बुडाले. दगड मात्र राहिले.

१९३१ साली बिरबल साहनी यांनी टाकळीचे दगड झालेले काही शंकू तपासले. ते सूचिपर्णी वृक्षांचे, म्हणजे चीड-देवदाराच्या गोताचे निघाले! एकाला त्यांनी गावाचेच नाव दिले : टाकलीओस्ट्रोबस.

मग खार कुठे होती? तेलंगणात नस्कल येथे तशाच गाळात एका चिमुकल्या सस्तन प्राण्याचे दात मिळाले. १९८८ साली प्रसाद आणि अशोक साहनी, म्हणजे बिरबल साहनींचे पुतणे, यांनी त्याला हिस्लॉपांचे नाव दिले : डेक्कनोलेस्टेस हिस्लॉपी. पुढे मिळालेल्या घोट्याच्या हाडांवरून तो झाडांवर वावरत असावा असे दिसते. पण ही खार नव्हे, उंदीरही नव्हे. कुरतडणाऱ्या प्राण्यांचे भारतातले फार जुने दात गुजरातेत वस्तानच्या खाणीत सापडले. ते त्यानंतर कोटभर वर्षांनीचे.

म्हणजे बघा, शंकूचे झाड इथे आधी होते. ते गेले, खार मागाहून आली आणि घरची झाली. आज जो दिसतो तोच मूळचा, असे म्हणण्यापूर्वी जरा थांबावे.

आणि हा इतिहास टिकला कशावर? एका शंकूवर, दाण्याएवढ्या दातांवर! टाकळी आता शहरात आली. तेव्हा गुरुजी, विहीर खणताना पाना-शिंपल्याचा ठसा असलेला दगड निघाला, तर तो फेकू देऊ नका. गाव, शेत, खोली लिहून शाळेच्या कपाटात ठेवा, आणि जाणत्याला दाखवा.