गिरी, वरद

सरपटणाऱ्या व उभयचर प्राण्यांचे महाराष्ट्रातील अभ्यासक आणि वर्गीकरणतज्ज्ञ. मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या संग्रहालयात त्यांनी अभिरक्षक म्हणून काम केले. त्यांच्या कारकिर्दीचे मोल ठरते ते नव्या जातींच्या शास्त्रीय वर्णनांवरून. नाशिकच्या घाटांपासून आंबोलीपर्यंतचा सह्याद्री केरळ-कर्नाटकाच्या मानाने कोरडा, म्हणून तिथे नवे फारसे सापडणार नाही, हा समज या लेखनापुढे टिकत नाही. देवगांडुळाचेच पाहा. बिनपायांचा, वलयांकित अंगाचा हा उभयचर जमिनीखाली राहतो आणि कुदळीखाली आला की गांडूळ किंवा सापाचे पिल्लू म्हणून मारला जातो. पण त्याला जबडा व दात असतात, शिवाय डोळा आणि नाकपुडी यांच्या दरम्यान एक इवलासा स्पर्शक. खंडाळ्याच्या नमुन्यांवरून १९६० साली टेलर यांनी इंडोटिफ्लस ही प्रजाती मांडली. तिच्यातली दुसरी जात, इंडोटिफ्लस महाराष्ट्राएन्सिस, गिरी, गोवर आणि विल्किन्सन यांनी नोंदवली ती थेट २००४ मध्ये, कोयना परिसरातून. आदल्याच वर्षी आंबोलीच्या एका देवगांडुळाला त्यांनी जे. सी. डॅनिएल यांचे नाव दिले होते.

जातींची संख्या फुगवण्याचा सोस, असा आक्षेप वर्गीकरणावर नेहमी घेतला जातो. चार खवल्यांच्या फरकावर उभ्या केलेल्या जातीला तो लागूही पडतो. परंतु भारतात हेमिडॅक्टिलस ब्रूकीआय या एकाच नावाखाली कोंबलेल्या पालींचा गुंता लाजमी, गिरी आणि करंथ यांनी २०१६ मध्ये सोडवला, तो शरीररचना व जनुकीय पुरावा ताडून. तिथे चूक एकत्र कोंबण्याचीच होती. दुसरा आक्षेप अधिक जड आहे : नाव दिल्याने प्राणी वाचत नाही. खरे आहे, मात्र त्याचे काय बिघडते आहे हे सांगायलाही आधी तो कोण, हे ठरावे लागते. साताऱ्याजवळच्या चाळकेवाडी पठारावरचा सरडा, ज्याच्या नराच्या गळ्याखाली निळी, काळी, नारिंगी झालर पंख्यासारखी उघडते, २०१६ मध्ये सारडा सुपर्बा ठरला (प्रजातीचे नाव चक्क मराठीतून घेतलेले). वर्णनकर्त्यांत गिरी होते. त्याच पठारावरील पवनचक्क्यांचा अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. पात्यांमुळे शिकारी पक्षी घटले, सरडे वाढले, त्यांची भीती कमी झाली आणि नरांचे रंगही फिके पडले, असे त्यात दिसले.

कास भागातील निमॅस्पिस गिरीआय (२०१४) ही पाल त्यांच्या नावाने ओळखली जाते.