मांसातली हाडे का काढतात?

छत्रपती संभाजीनगरच्या (पूर्वीच्या औरंगाबादच्या) परिसरातून म्हशीचे गोठवलेले मांस परदेशी जाते. त्यात हाड नसते. हाडासह म्हशीचे मांस निर्यात करण्यास आपल्याकडे बंदीच आहे. वजन कमी व्हावे म्हणून हाडे काढत असावेत, असे पुष्कळांना वाटते. खरे कारण शोधण्यासाठी आपल्याला सव्वाशे वर्षे मागे जावे लागेल.

१८९८ साली जर्मनीत लोफ्लर आणि फ्रॉश यांनी दाखवून दिले, की लाळ्या-खुरकूत रोगाचे कारण जिवाणूंना अडवणाऱ्या गाळणीतूनही पार जाते. प्राण्यांना रोग करणारा हा पहिला ज्ञात विषाणू. माणसाला त्याची बाधा क्वचितच होते, पण तो गोठेच्या गोठे आजारी पाडतो. मग हा विषाणू मांसातून दूरदेशी जाईल का?

इंग्लंडमधील पिरब्राइट येथील हेंडरसन आणि ब्रुक्सबी यांनी १९४८ मध्ये याचे उत्तर दिले. जनावर मेल्यावर स्नायूंतील ग्लायकोजेनपासून लॅक्टिक आम्ल बनते. रक्ताभिसरण थांबल्यामुळे ते तेथेच साठते. ७ च्या आसपास असलेला सामू दिवसभरात साडेपाचपर्यंत उतरतो आणि विषाणू निष्क्रिय होतो. अस्थिमज्जेत व लसिका ग्रंथींत मात्र एवढे आम्ल बनत नाही. विषाणू तेथे तग धरतो!

१९६७ मध्ये ब्रिटनमध्ये या रोगाची मोठी साथ आली. अर्जेंटिनाहून आलेल्या कोकराच्या मांसातून ती आली असावी, असे चौकशीत ठरले. चार लाखांहून अधिक जनावरे मारावी लागली. पुढे दक्षता कडक झाली. आज आंतरराष्ट्रीय नियम असा आहे : मांस २ अंश सेल्सिअसहून अधिक तापमानात किमान २४ तास ठेवायचे, पाठीच्या स्नायूचा सामू ६ च्या खाली आल्याचे तपासायचे, आणि हाडे व ग्रंथी काढून टाकायच्या.

यात आणखी एक मर्म आहे. लांबच्या प्रवासाने दमलेल्या, घाबरलेल्या जनावराचे ग्लायकोजेन आधीच खर्ची पडते. मग पुरेसे आम्ल बनत नाही. मांस काळपट राहते व लवकर बिघडते. म्हणजे जनावराला दयेने वागवणे हा मांसाच्या गुणवत्तेचाही भाग आहे.

पण सामू उतरला म्हणजे मांस निर्धोक झाले, असे समजू नये. साल्मोनेलासारखे जिवाणू साडेपाच सामूवरही वाढतात. त्यांना रोखतात ती स्वच्छता आणि थंडी. मारते ती चुलीवरची पुरेशी उष्णता. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात, चाळीस अंशांच्या दुपारी, उघड्यावर टांगलेल्या मांसाला यांपैकी काय मिळते? परदेशी ग्राहकासाठी आपण सामू मोजतो, शीतगृहे चालवतो. गल्लीतल्या ग्राहकाला निदान जाळीचे कपाट आणि बर्फ तरी मिळायला हवा. वर्गात सामू शिकवताना लिंबू-साबणाच्या जोडीला हा प्रश्नही मांडावा, असे आम्हाला वाटते.